सात वर्षं एकही मोठी ट्रॉफी नाही, तरी धंदा याच माणसाकडून शिकावा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी खालिद जमील यांचं नाव घेतलं आणि पुढे सरकलो. व्हिडिओत वेळ मोजका असतो. पण या माणसाच्या कारकिर्दीबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते इथे निवांत मांडतो. चहा घ्या आणि वाचा.

आधी तुमच्या मनातला प्रश्न. "सर, वर्धा जिल्ह्यात बसून फुटबॉल कशाला? उदाहरण द्यायचंच तर क्रिकेटवाल्याचं द्या की!" बरोबर आहे, आपल्याकडे गल्लीत बॅटच दिसते. पण फुटबॉल आपल्याला अगदीच परका नाही. शेजारच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल उभा केला आणि नागराज मंजुळेंनी त्यावर 2022 मध्ये 'झुंड' आणला. तो पिक्चर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. क्रिकेटचं उदाहरण मी मुद्दाम टाळतो, कारण तिथे पैसा आणि प्रसिद्धी इतकी आहे की त्यातून छोट्या दुकानदाराने काय शिकावं, हेच कळत नाही. भारतातला फुटबॉल मात्र आपल्या धंद्यासारखा आहे. पैसा कमी, प्रेक्षक कमी, कधी कोणता क्लब बंद पडेल याचा नेम नाही. तरीही माणसं त्यात उभी राहतात.

आधी माणूस ओळखून घ्या

खालिद जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. फुटबॉलचं करिअर मात्र मुंबईचं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी असे त्यांचे क्लब. मिडफिल्डमध्ये खेळायचे, भारताच्या संघातूनही खेळले. मग दुखापतींनी गाठलं आणि 2009 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, खेळणं थांबलं.

आता इथे थांबून विचार करा. 32 वर्षांचा माणूस. ज्या कामात आयुष्य घातलं ते काम शरीर करू देत नाही. आपल्याकडे या वयात कुणाची नोकरी गेली की घरात सुतक पडल्यासारखं होतं. खालिद यांनी त्याच मुंबई एफसीचं प्रशिक्षकपद घेतलं. खेळाडू म्हणून जे कळलं होतं ते आता दुसऱ्यांकडून करून घ्यायचं. कौशल्य तेच, फक्त विकायची पद्धत बदलली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या महिंद्रा युनायटेडमध्ये ते खेळले, तो क्लब 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता. मागे एवढी मोठी कंपनी. तरी 2010 मध्ये तो बंद झाला. मुंबई एफसीसुद्धा आज नाही. क्लब गेले, पण खालिद यांच्या डोक्यातला फुटबॉल त्यांच्यासोबतच राहिला. पुढे त्यांनी प्रशिक्षकासाठीचं आशियातलं सर्वांत वरचं एएफसी प्रो लायसन्सही मिळवलं. दुकानाची पाटी जाऊ शकते, हातातली कला जात नाही. फक्त ती कला वेळोवेळी धार लावून ठेवावी लागते.

माझं मत: खरी शिकवण त्या सात वर्षांत आहे

2009 ते 2016. सात वर्षं खालिद जमील मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. या काळात त्यांच्या नावावर एकही मोठं विजेतेपद नाही. त्यांच्यावर बोलणारे म्हणूनच ही सात वर्षं एका वाक्यात उडवतात आणि थेट पुढच्या चमत्कारावर येतात. मला हे चुकीचं वाटतं.

लीगमध्ये एक भीती असते, तिला रेलिगेशन म्हणतात. तळाला राहिलात की खालच्या श्रेणीत ढकलले जाता. प्रायोजक जातात, खेळाडू जातात, क्लब संपतो. कोलकाता-गोव्याच्या मोठ्या क्लबांसमोर मुंबई एफसी हा छोट्या खिशाचा संघ. त्याला दर हंगामात या भीतीपासून लांब ठेवणं हेच खालिद यांचं काम होतं, आणि ते त्यांनी सात वर्षं केलं. बचाव घट्ट ठेवायचा, उगाच धाडस करायचं नाही, एक-एक गुण गोळा करायचा. लोक म्हणायचे, हा फुटबॉल कंटाळवाणा आहे. असेल. पण क्लब वरच्या श्रेणीत होता.

राजेहो, छोट्या धंद्याची पहिली तीन वर्षं अशीच कंटाळवाणी असायला हवीत!

आपल्याला रोज मोबाईलवर काय दाखवलं जातं? "दहा हजारांतून दहा कोटी", "चहा विकून करोडपती". बघायला छान वाटतं. पण त्या गोष्टीत गोल दाखवतात, वाचवलेले गोल दाखवत नाहीत. आणि धंदे बहुतेक वेळा गोल न झाल्यामुळे बुडत नाहीत. गोल खाल्ल्यामुळे बुडतात. विक्री असते, गर्दी असते, तरी गल्ला रिकामा असतो.

तुमचा बचाव किती मजबूत आहे? आकडे मांडू

समजा तुम्ही वर्ध्यात एक छोटं मसाल्याचं युनिट टाकलं. महिन्याचा ठरलेला खर्च असा:

- गाळ्याचं भाडं: 6,000
- लाईट बिल: 2,500
- एक मदतनीस: 9,000
- बँकेचा हप्ता: 8,500

एकूण 26,000 रुपये. एक किलो माल विकला काय आणि शंभर किलो विकला काय, हे द्यायचेच आहेत. आता तुमचा नफ्याचा गाळा विक्रीवर 25 टक्के धरू. म्हणजे नुसता हा खर्च निघायलाच महिन्याला 1,04,000 रुपयांची विक्री लागते. महिन्यात 26 दिवस दुकान चालू धरलं तर रोजची 4,000. त्याखालच्या दिवशी तुम्ही मागे जाताय. त्यावरच्या दिवशीच कमावताय. आणि तुमचा स्वतःचा पगार यात अजून धरलेलाच नाही, हे विसरू नका.

हा 4,000 चा आकडा म्हणजे तुमची रेलिगेशनची रेषा. किती जणांना आपली रेषा माहीत असते? मी विचारतो तेव्हा उत्तर येतं, "सर, चालू आहे जी बरं." बरं म्हणजे किती, ते वहीत नसतं.

आता उधारी. ओळखीच्या माणसाने 5,000 चा माल नेला आणि पैसे बुडवले. तुम्ही म्हणता, जाऊ द्या, पाचच हजार. पण ते भरून काढायला 25 टक्क्यांच्या गाळ्यावर तुम्हाला 20,000 ची नवी विक्री करावी लागेल. म्हणजे पाच दिवस तुम्ही त्या एका माणसासाठी फुकट दुकान उघडलं! आपल्या गावाकडे तर "कापूस निघाला की देतो" ही उधारीची जुनी रीत. ती पूर्ण तोडता येणार नाही हे मलाही कळतं. पण मर्यादा ठरवता येते. एका घराला जास्तीत जास्त किती, एकूण उधारी महिन्याच्या विक्रीच्या किती टक्के, हे आधी वहीत लिहा आणि मग माल द्या. नाही म्हणायला तोंड जड होत असेल तर भिंतीवर पाटी लावा.

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर 15 दिवसांत. ही सोय माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती मोफत असते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

तिसरी गोष्ट, राखीव पैसा. वरच्या उदाहरणात तीन महिन्यांचे ठरलेले खर्च होतात 78,000. एवढी रक्कम बाजूला असेपर्यंत नवी मशीन नाही, नवा बोर्ड नाही, दुकानाचं फर्निचर नाही. कंटाळवाणं आहे. पण श्रावणात विक्री पडली किंवा मोटर जळाली, तर तुम्ही वरच्या श्रेणीतच राहता.

सबसिडी म्हणजे गोल नव्हे

हा मुद्दा मला खूप टोचतो, म्हणून वेगळा लिहितो. "सबसिडी मिळते म्हणून धंदा करतो" असं म्हणणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के अनुदान आहे. विशेष गटांना, ज्यात महिलाही येतात, 35 टक्के. दहा लाखांचा प्रकल्प असेल तर सर्वसाधारण अर्जदाराने एक लाख स्वतःचे घालायचे, उरलेलं बँकेचं कर्ज.

आता नीट ऐका. ते अडीच लाखांचं अनुदान तुमच्या हातात रोख पडत नाही. ते बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं मुदत ठेवीसारखं अडकून राहतं आणि युनिट व्यवस्थित चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. म्हणजे अनुदान कुणाला? जो तीन वर्षं टिकला त्याला! मधेच शटर ओढलं तर अनुदान जातं आणि कर्ज डोक्यावर राहतं. सरकारसुद्धा तुम्हाला तेच सांगतंय जे खालिद जमील यांची सात वर्षं सांगतात: आधी टिकून दाखवा.

अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा, तुमच्या गटाला त्या वेळी काय लागू आहे ते विचारा. एजंटच्या तोंडून ऐकू नका.

हकालपट्टी आणि मग आयझॉल

2016 मध्ये मुंबई एफसीने खालिद यांना काढलं. सात वर्षं क्लब सांभाळला आणि बाहेर. पुढच्या हंगामात त्यांनी पकडलं आयझॉल एफसी, मिझोरामचा संघ. हा संघ आधीच्या हंगामात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली म्हणून त्याला परत जागा मिळाली. खिसा लहान, नाव नाही, ताऱ्यांची फौज नाही.

त्या संघाने 2016-17 ची आय-लीग जिंकली. शेवटच्या टप्प्यात घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 ने हरवलं. मग 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 बरोबरी. आयझॉल 37 गुण, मोहन बागान 36. एका गुणाने अजिंक्यपद! ईशान्य भारतातल्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला.

याला लोक चमत्कार म्हणतात. मला तसं वाटत नाही. तीन गोष्टी बघा.

पहिली, खालिद यांनी ओळखीची माणसं सोबत नेली. जयेश राणे, आशुतोष मेहता हे खेळाडू मुंबई एफसीतून त्यांच्यासोबत आले. कुणाची ताकद काय, कोण कुठे कमी पडतं, हे आधीच माहीत. तुमच्याही धंद्यात, जुना कारागीर हा नव्या मशीनपेक्षा मोलाचा असतो.

दुसरी, त्यांनी तिथल्या पोरांवर भरवसा ठेवला. मिझोराममध्ये फुटबॉल घराघरात आहे. संघाचा कणा तिथलाच होता. ज्या मातीत जे पिकतं ते त्यांनी वापरलं. आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्ध्याचा गोरस पाक पाहुणे आजही बॅगेत भरून नेतात. सेवाग्रामच्या नावाला देशभर मान आहे, खादी-ग्रामोद्योगाची परंपरा आहे, वर्ध्यात एमगिरीसारखी ग्रामीण उद्योगांना तांत्रिक मदत करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. आणि आपला नवउद्योजक काय करतो? बाहेरून तयार माल आणून तोच विकतो जो शेजारचाही विकतो. मग भावावर मारामारी. घरचं मैदान सोडून बाहेर खेळायला जातो आणि हरल्यावर म्हणतो, वर्ध्यात काही चालतच नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कमी पैशात संघ कसा चालवायचा, हे त्यांना आयझॉलमध्ये पहिल्यांदा शिकावं लागलं नाही. ते सात वर्षं तेच करत होते. संधी उशिरा आली, तयारी आधीची होती.

पण पुढचंही ऐका

इथेच गोष्ट संपवली असती तर मीही त्या "करोडपती" व्हिडिओवाल्यांसारखाच झालो असतो. पुढे काय झालं?

आयझॉलनंतर खालिद ईस्ट बंगालमध्ये गेले. मोठा क्लब, मोठा खिसा, लाखो चाहते. 2017-18 च्या लीगमध्ये संघ चौथा आला. आयझॉलमध्ये जमलं ते कोलकात्यात जमलं नाही. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये 2021 च्या सुरुवातीला हंगामी जबाबदारी मिळाली, तेव्हा त्यांनी संघाला थेट उपांत्य फेरीत नेलं. त्यावर ते आयएसएलमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले, आणि पुढच्याच हंगामात संघ तळाजवळ राहिला. मग जमशेदपूरला पुन्हा वर आले, 2024-25 मध्ये लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात.

1 ऑगस्ट 2025 ला ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. अर्ज आले होते 170. सुरुवात झकास झाली, ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टीत हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक. आणि महिनाभराने, 14 ऑक्टोबरला, मडगावात सिंगापूरकडून 1-2 ने हार. 2027 च्या आशिया कपचं दार बंद.

हा आलेख बघा. वर, खाली, वर, खाली. खऱ्या कारकिर्दी अशाच दिसतात, आणि खरे धंदेही. वर्ध्यातलं एक दुकान चाललं म्हणून लगेच हिंगणघाट आणि आर्वीत शाखा काढणाऱ्यांनी ईस्ट बंगालचा हंगाम आठवावा. मोठी जागा म्हणजे फक्त जास्त पैसा नव्हे. अपेक्षा वेगळ्या, माणसं वेगळी, चुकीला माफी कमी. पहिल्या दुकानात तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसता. दुसऱ्यात कोण बसणार, याचं उत्तर नसेल तर शाखा काढू नका.

"सर, मग मोठं स्वप्न बघायचंच नाही का?"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. नुसतं टिकून राहायचं तर माणूस नोकरीच का करणार नाही?

मुद्दा रास्त आहे. बचावावरच बसून राहिलात तर एक दिवस बाजार तुम्हाला मागे टाकतो. दहा वर्षं तीच पाकिटं, तोच भाव, तेच गिऱ्हाईक, हेही एक प्रकारचं घसरणंच. आयझॉललाही शेवटी मोहन बागानविरुद्ध गोल करावाच लागला. 0-0 च्या बरोबऱ्यांनी लीग जिंकता येत नाही.

माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी गोल खाणं थांबवा, मग गोल करायला पुढे जा. ज्याच्याकडे तीन महिन्यांचा राखीव पैसा आहे, तोच नवीन माल करून बघण्याची हिंमत करू शकतो. एक प्रयोग फसला तरी त्याचं दुकान उघडं राहतं. ज्याच्याकडे नाही, त्याचं प्रत्येक धाडस हे जुगार असतं. आणि आपल्याकडे त्या जुगारात बरेचदा बायकोचे दागिने किंवा बापाचं शेत लागलेलं असतं. म्हणून मी एवढा जोर देऊन लिहितोय.

या आठवड्यात एवढं करा

1. ठरलेले मासिक खर्च लिहा आणि रोजच्या विक्रीची रेषा काढा. तो आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.
2. उधारीची यादी करा. 60 दिवसांवरची नावं वेगळी काढा आणि आजच फोन लावा. गोड बोला, पण तारीख घ्या.
3. राखीव पैशासाठी वेगळं खातं उघडा. रोज 100 रुपये टाकले तरी वर्षाला 36,500 होतात.
4. तुमच्या मालात वर्ध्याचं असं काय आहे, ते एका ओळीत लिहा. ओळ सुचली नाही तर मालाचा पुन्हा विचार करा.

आणि तुमच्या रोजच्या विक्रीची रेषा किती निघाली, तो आकडा खाली कमेंटमध्ये टाका. नाव टाकलं नाही तरी चालेल, धंदा कोणता ते लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही आकडे घेऊन आपण उधारीची मर्यादा कशी ठरवायची ते करून बघू.

खालिद जमील यांचा पुढचा सामना ते जिंकतील की हरतील, मी सांगू शकत नाही. पण 32 व्या वर्षी ज्याचं खेळणं थांबलं तो माणूस एवढ्या वर्षांनीही मैदानाच्या कडेला उभा आहे, कामावर आहे. तुमचं शटरही रोज सकाळी वर जायला हवं. बाकीचं पुढे बघू.